आपाचं पासबुक आणि भाच्याची मोटार

बासी ईदच्या दुपारी आम्ही अंबरनाथला आपाकडे जेवायला गेलो होतो. हात धुऊन बसतो न बसतो तोच आपाने कपाटातून बिस्किटांचा जुना डबा काढून आमच्या पुढ्यात ठेवला. आत बँकेचं पासबुक होतं.

"दोन लाख दहा हजार आहेत. उमराहसाठी ठेवले होते. हा म्हणतो मला मोटार बांधायची आहे. देऊ की नको, तू सांग."

आम्हाला वाटलं आपाची जीभ घसरली. मोटार घेतात, बांधतात ते घर. पण शेजारच्या खोलीत भाचा चांगला चालणारा पंखा उगाच खोलून बसला होता, तिथूनच आवाज आला, "मामू, घ्यायची नाही, बांधायचीच आहे."

भाचा चोवीस वर्षांचा. आयटीआय केलेला टर्नर, आनंदनगर एमआयडीसीत लेथवर काम करतो. आमच्या या पट्ट्यात असा मुलगा गल्लीगल्लीत सापडेल. ज्या गावात ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, तिथल्या पोरांना लोखंडाची भीती वाटत नाही. शेजारी उल्हासनगर, तिथे तर जी वस्तू एकाने विकत आणली ती दुसऱ्याने घरी बनवून दाखवायची, ही जुनीच रीत. तेव्हा पोराचं डोकं फिरलं आहे असं आम्ही म्हटलं नाही. नीट समजावून सांग, एवढंच म्हटलं.

त्याने जे सांगितलं ते वाचकांनाही सांगतो, कारण ते ऐकण्यासारखं आहे. १९५७ साली इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनियरने लोटस सेव्हन नावाची दोन माणसांची उघडी गाडी काढली. छप्पर नाही, धड दारं नाहीत, डिकी नावापुरती. तयार मोटारीवर तिथे जबर कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून चॅपमन गाडी पेट्यांमध्ये भरून विकायचा आणि गिऱ्हाईक ती घरी जोडायचं. किस्सा असा सांगतात की जोडणीचं पुस्तक सोबत दिलं तर कर लागायचा, म्हणून त्याने गाडी 'खोलायची कशी' याचं पुस्तक दिलं. गिऱ्हाइकाने ते शेवटच्या पानापासून वाचायचं! १९७३ मध्ये तिथली करपद्धत बदलली आणि ही सवलत गेली. त्याच वर्षी ती गाडी बनवण्याचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि तिथे ती आजही बनते.

ती पळते कशी, हे भाच्याने टांग्याच्या हिशेबात सांगितलं. घोडा एकच, पण टांग्यात आठ माणसं कोंबली तर तो रखडतो, रिकामा टांगा असला तर उधळतो. आपल्या अँबॅसडरमध्ये १९९०च्या दशकात इसुझूचं १८०० सीसीचं पेट्रोल इंजिन आलं. ताकद सुमारे ७५ अश्वशक्ती, पण ओढायचं वजन अकराशे किलोच्या वर. तेच इंजिन सहाशे किलोच्या गाडीत टाकलं तर तेवढाच घोडा जवळपास निम्मं वजन ओढणार. इंजिनाला हात न लावता गाडी दुप्पट चपळ.

आणि हे कोणी दूर विलायतेत केलेलं नाही, हे ऐकून आम्ही सावरून बसलो. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्स नावाची छोटी कंपनी आहे. गिडो बोथे या जर्मन माणसाने ती उभी केली. त्यांच्या रोडस्टरची ठेवण लोटस सेव्हनसारखीच, अंग फायबरचं आणि इंजिन हेच, अँबॅसडरमधलं इसुझू. सुट्या भागांचा संच घेऊन स्वतः जोडण्याची सोयही त्यांनी दिली होती. गोव्यात सॅन मोटर्सची सॅन स्टॉर्म निघाली होती, तीही फायबरची दोन माणसांची गाडी, तिला रेनोचं बाराशेच्या आतलं इंजिन. म्हणजे कोकणच्या किनाऱ्याने हा नाद करून पाहिलेला आहे. अँबॅसडरचा कारखानाच २०१४ मध्ये बंद पडला, त्यामुळे इसुझू इंजिन आता भंगारातच शोधावं लागतं.

भाच्याने ते शोधलंही होतं. आणि खरी गोम तिथेच होती.

पुढच्या रविवारी आम्ही त्याच्याबरोबर इंजिन बघायला गेलो. कुठे, ते लिहीत नाही. इंजिन बरं होतं, हाताने फिरवल्यावर मोकळं फिरलं. गिअरबॉक्स पाच गिअरचा, सोबत मागचा अॅक्सल. भाव पंचावन्न हजार. विकणारा गोड माणूस, चहा पाजला आणि शेवटी म्हणाला, "कागदांची चिंता करू नका. जुन्या गाडीचं आरसी बुक याच्याबरोबर देतो. चेसिसचा नंबर तुमच्या नव्या सांगाड्यावर ठोकून घ्या. सगळे तसंच करतात."

भाच्याने आमच्याकडे पाहिलं. त्याला ते आधीच माहीत होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

परतीच्या गाडीत आम्ही एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मात्र आरटीओच्या कामात मुरलेले एक परिचित आहेत, त्यांच्याकडे त्याला घेऊन बसलो. त्यांनी जे सांगितलं ते असं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने गाडीचा जो तपशील देऊन नोंदणी झाली आहे त्यापासून ती वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही आली, प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. रंग बदलायचा, सीएनजी बसवायचा, अपंग व्यक्तीसाठी गाडी जुळवून घ्यायची, तर त्याच्या रीतसर वाटा आहेत. पण सांगाडाच नवा, तर ती जुनी गाडी उरतच नाही, ती नवी गाडी झाली. आणि नवी गाडी रस्त्यावर आणायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून नमुना तपासून मंजूर करून घ्यावा लागतो. ब्रेक, दिवे, धूर, टक्कर, सगळं. हजारो गाड्या विकणाऱ्या कंपनीला ते परवडतं, एका टर्नरला नाही. इंग्लंडमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची वेगळी तपासणी करून नंबर देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे मुलांच्या हाताला एवढी कला असताना अशी वाट असायला हवी, हे आमचं मत आहे. पण मत म्हणजे कायदा नव्हे.

"आणि तो नंबर ठोकण्याचा उपाय?" आम्ही मुद्दाम विचारलं.

"ती बनावटगिरी. पकडला गेला नाही तरी ऐका. या गाडीने उद्या कोणाला धडक दिली, तर विमा कंपनी पहिल्यांदा चेसिस बघेल. विम्यातल्या गाडीचा कागद एक आणि उभी गाडी दुसरीच. मग जखमी माणसाची भरपाई कोणी द्यायची? याने आणि याच्या आईने. घर विकून."

आपाचं घर दीड खोलीचं आहे. भाचा मान खाली घालून ऐकत राहिला.

देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांची गोष्ट आम्ही त्याला परत येताना सांगितली. सांगली जिल्ह्यातलं हे गाव, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. लोहारांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातून छोटी जीप बनवली. दुचाकीचं इंजिन, किक मारून सुरू होणारी, खर्च साठ हजारांच्या आसपास. २०२१च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं आणि त्याच दमात म्हटलं की नियमात बसत नसल्यामुळे आज ना उद्या अधिकारी ही गाडी थांबवतील, तेव्हा मी तिच्या बदल्यात बोलेरो देतो. जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल झालीही. लोक या गोष्टीतली बोलेरो लक्षात ठेवतात. आम्हाला मधलं वाक्य महत्त्वाचं वाटतं.

"म्हणजे नको करू," भाचा म्हणाला.

आम्ही असं म्हटलं नव्हतं. गाडी बांधण्याला कायद्याची ना नाही, सार्वजनिक रस्त्यावर आणण्याला आहे. खासगी आवारात, बंदिस्त ट्रॅकवर ती चालवता येते. कोइंबतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर शर्यती झालेल्या आहेत. कॉलेजची मुलं हेच तर करतात. एसएईइंडियाची बाहा स्पर्धा २००७ पासून चालू आहे, तिथे इंजिनाच्या गाड्यांच्या गटात प्रत्येक संघाला सारखंच इंजिन असतं, म्हणजे पैशाच्या जोरावर मोठं इंजिन आणायची सोय नाही. कस लागतो तो सांगाड्याचा आणि सस्पेन्शनचा. भायखळ्याच्या साबू सिद्दीक कॉलेजात ऑटोमोबाइल इंजिनियरिंग शिकलेली कितीतरी मुलं आपल्याच घरांतली आहेत. अशा मुलांशी बोल, आम्ही म्हटलं. आणि आधी फक्त सांगाडा कर. स्वतःच्या ओव्हरटाइमच्या पैशांतून. आपाच्या डब्याला हात लागणार नाही आणि व्याजाचं कर्जही काढायचं नाही.

त्याला हे आवडलं नाही. दहा-पंधरा दिवस तो आमच्याशी बोललाच नाही. मग एका रात्री फोन आला, "मामू, तुमच्या शेडची किल्ली द्या."

आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे काम सुरू झालं. चौकोनी पाइप, भिंतीची जाडी सव्वा-दीड मिलिमीटर. एरवी खिडकीच्या ग्रिलला वापरतात त्यातलाच वाटेल असा. सगळी करामत तिरक्या पट्टीची. चौकोन दाबला की तिरपा होतो, त्यात कर्ण टाकला की दोन त्रिकोण होतात आणि मग तो हलत नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या सुतारचाचांनी हे बघून म्हटलं, "अरे, ही तर फाटकाची तिरपी पट्टी." अगदी तीच. भाच्याने जमिनीवर जिग मांडला, गुनिया लावून एकेक जोड टॅक केला. रात्री आठ ते अकरा, रोज. बरोबर अकराला मुमानी दिवा बंद करायची, कारण शेजाऱ्यांनाही झोप आहे.

तीन महिन्यांनी चौकट उभी राहिली. मागचा अॅक्सल ओळखीच्या एका गॅरेजवाल्याकडून बिलासकट घेतला. इंजिन नव्हतंच. तरी पोरांना दम कुठे? एका जुम्म्याच्या संध्याकाळी चौघांनी ती शेडसमोरच्या उतारावरून ढकलली, भाचा आत बसला. पंधरा-वीस फूट गेली असेल. खड्ड्यात पुढचं चाक पडलं आणि टणकन आवाज झाला. सस्पेन्शनचा खालचा ब्रॅकेट पाइपावरून अख्खा सुटून आला होता.

कोणाला लागलं नाही. पण तो तुकडा हातात घेतल्यावर आमच्या पोटात गोळा आला. वेल्डिंगचा मणी वरून इतका देखणा, जणू शिवणीचा टाका. आणि आत पाइपाला पकडच नाही. पाइप जळू नये म्हणून भाच्याने साध्या रॉडने, कमी करंटवर काम उरकलं होतं. वर थर बसला, मूळ लोखंड वितळलंच नव्हतं. असे बेचाळीस जोड त्या चौकटीत होते. हीच चौकट शंभरच्या वेगाने, ठोकलेल्या नंबरासह, कल्याण-बदलापूर रस्त्यावर असती तर, हा विचार त्या संध्याकाळी कोणी बोलून दाखवला नाही. भाचा उतारावर बसून राहिला. मग उठला, ग्राइंडर काढला आणि स्वतःच एकेक जोड कापायला लागला.

दुसऱ्या महिन्यात त्याने कारखान्यातल्या वेल्डर चाचांना गाठलं. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या हाताखाली सीओटू वेल्डिंग शिकला. चाचांची पद्धत अशी की आधी फुकट तुकड्यांवर जोड करायचा, मग तो वाइसमध्ये धरून हातोड्याने मोडायचा. जोड सुटला तर परत. पाइप फाटला आणि जोड राहिला तर पास. साठ-सत्तर तुकडे मोडले तेव्हा चाचांनी त्याला चौकटीला हात लावू दिला. आजवरचा सगळा खर्च एकोणपन्नास हजार, वहीत लिहिलेला आहे, आम्ही पाहिला.

आपाने उमराहचे पैसे भरले. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना भेटायला ती आमच्याकडे आली, तेव्हा शेडमध्येही डोकावली. नवी चौकट लाल प्राइमर लावून उभी होती, आत एक जुनी सीट.

"बसू का?" म्हणाली.

भाच्याने हात धरून बसवलं. आपाने चक्राशिवायच्या दांड्यावर हात ठेवून इकडेतिकडे पाहिलं.

"याला दार कुठे आहे?"

"दार नसतं अम्मी या गाडीला."

"मग मी उतरू कशी?"

शेवटी मुमानीने एका बाजूने आणि भाच्याने दुसऱ्या बाजूने धरून तिला उचलून बाहेर काढलं.