गाणं तेच, कप्पा बदलला

११ जून १९८८. नेल्सन मंडेला अजून तुरुंगात होते आणि त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्तानं लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर सत्तर हजारांवर माणसं गोळा झाली होती. ऐन वेळी स्टीव्ही वंडर यांच्या वाद्याची हार्ड डिस्क सापडेना. मंच रिकामा पडला. आयोजकांनी आधीच गाऊन गेलेल्या चोवीस वर्षांच्या मुलीला पुन्हा पुढं केलं. ना साथीदार, ना वाद्यवृंद. एक गिटार आणि एक माइक. ट्रेसी चॅपमननं 'फास्ट कार' सुरू केलं. दारूच्या आहारी गेलेला बाप, अर्धवट सुटलेली शाळा, दुकानातली तुटपुंज्या पगाराची नोकरी, आणि एवढ्यातून कुठंतरी निघून जायची आस. काही आठवड्यांतच तिचा पहिला अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचला. त्याच वर्षी अ‍ॅम्नेस्टीच्या मानवी हक्क दौऱ्यात ती दिल्लीतही गाऊन गेली.

रेकॉर्ड कंपन्यांना आणि रेडिओवाल्यांना मात्र प्रश्न पडला: हिला बसवायचं कुठं? काळी बाई म्हणजे सोल, आर अँड बी, गॉस्पेल. ही तर हातात साधी गिटार घेऊन गरिबी, वंशभेद आणि घरातल्या मारहाणीवर स्वतः लिहिलेली गाणी गाते. काळ्या श्रोत्यांची स्टेशनं तिला फारशी वाजवेनात. तिच्या मैफलींना बहुतांश गोरे श्रोते येत आणि त्याचाही दोष तिच्याच माथी मारला गेला.

हे कप्पे संगीतातून आलेले नाहीत, ते विक्रीच्या हिशेबातून आले आहेत. १९२०च्या दशकात अमेरिकी कंपन्यांनी दक्षिणेतल्या गोऱ्यांचं संगीत 'हिलबिली' म्हणून विकलं आणि काळ्यांचं 'रेस रेकॉर्ड्स' म्हणून. प्रत्यक्षात दोन्हीकडचे वादक एकमेकांच्या चाली उचलत होते. ज्या बँजोला आज आपण गोऱ्या खेड्याचं वाद्य समजतो, तो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी घडवलेला. तरी 'बिलबोर्ड' या संगीत-साप्ताहिकाच्या यादीवर 'रेस' हा शब्द १९४९ पर्यंत टिकला. 'हिलबिली'चंही पुढं 'कंट्री' झालं. पाटी बदलली, भिंत राहिली. खुद्द चॅपमननं लहानपणी गिटार हाती घेतली ती 'ही हॉ' हा कंट्री संगीताचा टीव्ही कार्यक्रम पाहून. क्लीव्हलंडमधल्या त्या मुलीला ते संगीत परकं वाटलं नव्हतं.

२०२३ मध्ये ल्यूक कोम्ब्स या गोऱ्या कंट्री गायकानं 'फास्ट कार' गायलं. मनापासून गायलं, गाण्यातली निवेदक मुलगी आहे, तेही बदललं नाही. गाणं कंट्री रेडिओच्या यादीत पहिलं आलं आणि एकटीनं लिहिलेलं गाणं तिथवर नेणारी चॅपमन ही पहिली काळी स्त्री ठरली. नोव्हेंबरमध्ये कंट्री म्युझिक असोसिएशननं त्याला वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरवलं. हा मान मिळवणारी ती पहिली काळी गीतकार. म्हणजे शब्द तेच, चाल तीच, गिटारची ती सुरुवातही तीच. बदलला तो गळ्यामागचा चेहरा, आणि पस्तीस वर्षं बंद असलेलं दार उघडलं. यात कोम्ब्सचा दोष नाही. दार कुणासाठी उघडायचं हे ठरवणाऱ्यांना मात्र जाब विचारायलाच हवा.

४ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री, ग्रॅमी सोहळ्यात, कॅमेऱ्यानं आधी फक्त गिटारवर फिरणारी बोटं दाखवली. मग चेहरा दिसला, चॅपमनचा. केस पिकलेले, ओठांवर मोकळं हसू. सभागृह उठून उभं राहिलं. शेजारी कोम्ब्स, स्वतःची पाळी नसताना तिचा प्रत्येक शब्द नुसत्या ओठांनी म्हणणारा. त्याच्या नजरेत निव्वळ आदर होता. जे त्या तरुण गायकाला उमगलं, ते रेडिओच्या याद्या लावणाऱ्यांना १९८८ मध्येच उमगायला काय हरकत होती? बोटं तेव्हाही हीच होती.