पेटी विकायची कुणाला?

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा केंद्रीय कायदा झाला आणि पैसे लावून खेळायची रमी, पोकर, फँटसी क्रिकेट बंद झालं. आता पोरांच्या मोबाइलची काळजी मिटली, असं मानणाऱ्या पालकांनी सावध राहावं. शाळकरी पोरं बीजीएमआय (म्हणजे पबजीचा भारतीय अवतार) आणि फ्री फायर खेळतात. हे खेळ फुकट आहेत. पैसे जातात ते खेळाच्या आत.

रुपये देऊन आधी खेळातलं चलन घ्यायचं. बीजीएमआयमध्ये यूसी, फ्री फायरमध्ये डायमंड. त्यातून मग क्रेट, म्हणजे पेटी उघडायची. आत काय निघेल ते नशीब. हवी ती बंदुकीची स्किन, म्हणजे दिखाऊ सजावट, क्वचित निघते, म्हणून पुन्हा पेटी. रुपयाचं एकदा यूसी झालं की किती गेले, याचं भान सुटतं.

आमच्या हातकणंगले तालुक्यात यंत्रमाग कामगाराचा हिशेब आठवड्याचा. फोन बापाचा असतो, पण रिचार्ज आणि वीजबिल पोरगाच भरतो, म्हणून यूपीआयचा पिन त्याला पाठ असतो. २०२१ मध्ये जोगेश्वरीच्या १६ वर्षांच्या मुलानं पबजीपायी आईच्या खात्यातले दहा लाख घालवले आणि घरचे रागावल्यावर तो निघून गेला. पोलिसांनी त्याला अंधेरीत शोधून काढलं. दहा लाखांची बातमी झाली. इथं दोन हजार गेले तर घरचा किराणा अडतो, पण त्याची बातमी होत नाही.

कायदा बघतो तो खेळणाऱ्याला काय मिळणार हे. पैसे लावून पैसा किंवा तत्सम लाभ मिळण्याची आशा असेल, तर बंदी. स्किनचे रोख पैसे होत नाहीत, म्हणून हा जुगार नव्हे, असं गेम कंपन्या जगभर सांगत आल्या आहेत. मला हा युक्तिवाद मुळीच पटत नाही. मटका लावणाऱ्याला आकडा लागला तर निदान रोख तरी मिळते. पेटी उघडणाऱ्या पोराला रुपयाही परत मिळायची सोय नाही. ज्याला फक्त हरताच येतं, त्याला संरक्षण कमी का?

बेल्जियमच्या जुगार आयोगानं २०१८ मध्येच विकतच्या पेट्या जुगार ठरवल्या. गेन्शिन इम्पॅक्ट या खेळाच्या कंपनीनं अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये दोन कोटी डॉलर भरायचं आणि १६ वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय पेट्या न विकायचं कबूल केलं. आपल्याकडं बीजीएमआयनं २०२१ मध्ये अल्पवयीनांच्या खर्चाला मर्यादा घातली, ती दिवसाला ७,००० रुपयांची! इथल्या कित्येक घरांची आठवड्याची कमाईही तेवढी नाही.

पालकांनी आजच यूपीआयचा पिन बदलावा आणि प्ले स्टोअरच्या प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावावा. पण सगळा भार घरावर टाकून सरकारला मोकळं होता येणार नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला नशिबाची पेटी विकायची नाही आणि वयाची खात्री करायची जबाबदारी विकणाऱ्याची, एवढी दोन वाक्यं नियमांत हवीत. आपल्या खासदारांनी ती संसदेत मागावीत.