जीन्सची खळ आणि वालधुनी

उल्हासनगरच्या जीन्सची ख्याती देशभर आहे. ती धुतल्यावर निघणाऱ्या पाण्याची ख्याती मात्र वालधुनीच्या काठावर राहणाऱ्यांपुरती. चर्चा होते ती निळ्या रंगाची, कारण तो दिसतो. खळ दिसत नाही.

मागावर ताण्याचे सूत तुटू नये म्हणून डेनिमला स्टार्चची खळ देतात. शिवलेल्या पँटची ही खळ पहिल्या धुलाईत काढावी लागते. ते काम अमायलेज हे विकर करते. भाकरीचा घास चावताना लाळेतले विकर करते तेच काम. लाळेतल्या विकराला शरीराची ३७ अंशांची ऊब पुरते. धुलाईत सर्रास वापरले जाणारे, बॅसिलस जिवाणूंपासून मिळवलेले विकर साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला आणि ६ ते ७ सामूला उत्तम चालते. पाणी कोमट राहिले तर काम रेंगाळते. फार तापले तर हे विकर, शेवटी प्रथिनच ते, निकामी होते. (उकळीजवळ टिकणारे प्रकारही मिळतात.) आधीच्या खेपेचे आम्ल यंत्रात उरले असेल तरी गत तीच.

मग कापडावर चट्टे येतात, वळ्यांच्या रेषा उमटतात आणि पुन्हा धुलाई करावी लागते: पुन्हा पाणी, पुन्हा वाफ. हे टाळायला एक तापमापी, सामू मोजणारी पट्टी आणि आयोडीनची बाटली पुरते. कापडावर थेंब टाकल्यावर निळाई आली तर खळ शिल्लक आहे. शाळेतलाच प्रयोग हा.

पण ‘पर्यावरणपूरक विकर’ ही जाहिरात अर्धीच खरी आहे. विकरामुळे तीव्र आम्ल टळते, हे खरे. तुटलेला स्टार्च मात्र नाहीसा होत नाही. तो डेक्स्ट्रिन आणि साखर होऊन गटारात जातो. नदीतले जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. कापड प्रक्रियेच्या सांडपाण्यातील जैविक भाराचा मोठा वाटा या पहिल्याच पाण्याचा असतो.

हे पाणी जिवाणूंच्या टाकीत शुद्ध करणे तुलनेने सोपे आहे, रंगाच्या पाण्यात मिसळण्याआधी वेगळे काढले तर. कारवाईच्या धास्तीने धुलाई उल्हासनगरच्या गल्लीतून उठून अंबरनाथ-बदलापूरच्या हद्दीत बसली, तरी पाणी त्याच खोऱ्यात उतरते. परवानगी देताना अधिकाऱ्यांनी यंत्रांची संख्या मोजावीच; त्याआधी पहिल्या धुलाईचा पाइप कुठे जातो, ते पाहावे.