बुडबुडे मोजणे पुरेसे नाही

पाणवनस्पतींच्या फिशटँकसाठी सेकंदाला एक बुडबुडा कार्बन डायऑक्साइड पुरतो, असे गेल्या अंकातील पत्रलेखकांनी सरसकट सांगितले आहे. हे मला मान्य नाही. बुडबुड्याचा आकार प्रत्येक उपकरणात वेगळा असतो आणि पाण्याचा पृष्ठभाग जितका हलतो, तितका वायू उडून जातो. खरा प्रश्न पाण्यात तो किती विरघळला, हा आहे.

त्यासाठी टाकीत ड्रॉप चेकर, म्हणजे विरघळलेल्या वायूचे प्रमाण रंगाने दाखवणारे छोटे भांडे, लावावा. त्यात 4 डीकेएच (कार्बोनेट कठीणतेचे एकक) पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हा रंगदर्शक असला, की हिरवा रंग लिटरमागे सुमारे 30 मिलिग्रॅम वायू दाखवतो. पिवळा दिसला तर माशांना धोका. हा रंग पाण्यातल्या बदलाच्या तास-दोन तास मागे असतो, म्हणून वायूची झडप थोडीथोडीच फिरवावी.

मला खरी काळजी वाटते ती वायूच्या सिलिंडरवरच्या एकपदरी, म्हणजे दाब एकाच टप्प्यात उतरवणाऱ्या, रेग्युलेटरची. इथे अमेरिकेत नवखे लोक स्वस्त म्हणून तोच घेतात. सिलिंडरमधला द्रव संपून आतला दाब उतरू लागला, की रेग्युलेटरचा बाहेरचा दाब उलट वाढतो, टाकीत वायू लोटतो आणि मासे गुदमरतात. द्विपदरी रेग्युलेटर हे टाळतो. रात्री वनस्पतीच हा वायू सोडतात, म्हणून रात्री पुरवठा बंद करणारी, टायमरवरची सोलेनॉइड (विजेवर चालणारी) झडपही हवीच.

एवढा खर्च झेपत नसेल, तर अमेरिकेच्याच डायना वॉलस्टॅड यांचे पाणवनस्पतींच्या फिशटँकवरचे 1999चे पुस्तक वाचावे. मातीच्या थरावर, सिलिंडरशिवायही झाडे वाढतात. पण अर्धवट सामग्रीवर सिलिंडर जोडू नये, ही वाचकांना विनंती.

आपला,
एक वाचक, न्यू जर्सी