चार्टवरचा हिरवा बाण नेमका कधी उमटतो?

छत्रपती संभाजीनगर : ‘बाण आला की घ्या’ म्हणत इंडिकेटर विकणाऱ्यांचे स्क्रीनशॉट मोबाइलवर फिरत असतात. त्यातला प्रत्येक हिरवा बाण अगदी तळाखाली. कसा काय?

ट्रेडिंगव्ह्यूच्या ‘पाइन स्क्रिप्ट’ भाषेत ‘प्लॉटशेप’ची एक ओळ लिहिली की अट पूर्ण होईल त्या कँडलवर बाण किंवा त्रिकोण उमटतो. पण तळ शोधणारा ‘पिव्हट लो’ दोन्ही बाजूंच्या कँडल तपासतो. उजवीकडच्या ५ कँडल धरल्या, तर १५ मिनिटांच्या चार्टवर तळ कळायला सव्वा तास जातो. मग ‘ऑफसेट’ उणे ५ देऊन बाण मागे सरकवतात. जुन्या चार्टवर तो वेळेवर आलेला दिसतो. त्या क्षणी तिथे काहीच नव्हतं. (कॉलेजात असताना मीही याला भुललो होतो.)

चालू कँडलवरचा बाण तर भाव फिरला की गायबही होतो.

सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत इक्विटी एफ अँड ओमध्ये ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. पैसे देण्याआधी ‘बार रिप्ले’ लावा, एकेक कँडल पुढे न्या आणि बाण किती कँडल उशिरा उमटला ते मोजा.