यंत्राचा नकार वाचण्यास शिका

संगणकासाठीं आज्ञावली लिहिणें हें आतां अनेक विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचें अंग झालें आहे. परंतु ‘सी’ भाषेंतील पहिली पांच ओळींची आज्ञावली चालवूं पाहणारा विद्यार्थी बहुधा विषयाच्या उंबरठ्यावरच अडतो. कंपायलर सांपडत नाहीं, अथवा जोडणी होत नाहीं. पडद्यावर इंग्रजी ओळींची रांग उभी राहते आणि मुलगा मनाशीं म्हणतो, ‘हा विषय माझ्यासाठीं नव्हे.’ पालकही तसेंच मानतात. आमच्या मतें हा निर्णय अन्यायाचा आहे. कारण तेथें बुद्धीची परीक्षा झालेलीच नसते.

हें काम तीन पायऱ्यांनीं होतें. प्रथम यंत्रास कंपायलर, म्हणजे भाषांतर करणारी आज्ञावली, सांपडावी लागते. ‘कमांड नॉट फाउंड’ असें उत्तर आलें, तर कंपायलर बसविलेला नाहीं, किंवा त्याच्या फोल्डरचा पत्ता ‘पाथ’ नांवाच्या यादींत नाहीं. दुसऱ्या पायरीवर भाषांतर होतें. येथील तक्रारींत बहुधा ओळीचा क्रमांकही दिलेला असतो. एका अर्धविरामाच्या अभावीं अनेक तक्रारी उमटूं शकतात. म्हणून पहिली तेवढी दुरुस्त करून पुन्हां चालवून पाहावें. बाकीच्या पुष्कळदां आपोआप मावळतात.

तिसरी पायरी जोडणीची. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणजे नांव घेतलें आहे, पण त्या नांवाचें काम कोठेंच सांपडलें नाहीं. वर्गमूळ काढणाऱ्या ‘एसक्यूआरटी’ची ओळख हेडर फाइलींत असते, तिचें प्रत्यक्ष काम गणिताच्या लायब्ररींत असतें. लिनक्सवर जीसीसी वापरतांना ‘-एलएम’ असें लिहून ती लायब्ररी मागावी लागते, आणि तेंही फाइलीच्या नांवानंतर. कारण जोडणी करणारा लिंकर क्रमानें वाचतो.

कधीं नांवें जुळतात, पण माप जुळत नाहीं. आम्हां कामठेकरांस गोंदियाचें उदाहरण जवळचें आहे. त्या स्थानकांत अडीच फुटी रुळांवरील सातपुड्याची गाडी आणि साडेपांच फुटी रुळांवरील हावड्याची गाडी पुष्कळ वर्षें येत असत; परंतु एकीचा डबा दुसरीस जोडतां येत नसे. ३२ बिटांची लायब्ररी ६४ बिटांच्या आज्ञावलीस जोडली जात नाहीं, तेंही असेंच.

जोडणीस क्षुल्लक समजूं नये. ग्रेस हॉपर यांनीं १९५२ सालीं तयार केलेल्या ‘ए-०’ कंपायलरचें मुख्य काम तयार उपआज्ञावल्या गोळा करून जोडणें हेंच होतें.

तेव्हां सर्व कांहीं काढून पुन्हां बसविणें, किंवा मित्राचा तोडगा न समजतां उतरवून घेणें, हा अभ्यास नव्हे. त्यानें यंत्र कदाचित् चालूं लागेल. विद्यार्थी मात्र होता तेथेंच राहील. शिक्षकांनीं मुद्दाम बिघडविलेली आज्ञावली देऊन ‘अडचण कोणत्या पायरीवर?’ असें विचारावें व त्या उत्तरास गुण द्यावेत. मराठींतून शिकणाऱ्या मुलास या तक्रारींतील नेहमींचे दहा-वीस इंग्रजी शब्द अर्थासह पाठ करून देणें कठीण नाहीं. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमांत ‘सी’चे पाठ मराठींतूनही आहेत, त्यांचा लाभ घ्यावा.

पालकांस एवढीच विनंती कीं, मुलगा अथवा मुलगी अडली असतां ‘जमत नाहीं का?’ असें न विचारतां ‘यंत्र काय म्हणतें, तें वाचून दाखव’ असें म्हणावें. इंग्रजी न येणाऱ्या पालकासही हें सहज करतां येईल. कारण मोठ्यानें वाचतांना पुष्कळ अडचणींचा उलगडा वाचणाऱ्यासच होतो.