शहरयारचा ‘नाइलाज’

जुन्या परीकथा आणि लोककथा नव्याने सांगणाऱ्या कादंबऱ्यांचं इंग्रजीत गेल्या काही वर्षांत मोठं पीक आलं आहे. मारिसा मेयरने २०१२ मध्ये सिंड्रेलाला अर्धी माणूस, अर्धी यंत्र केली. तिच्यामागून कितीतरी जणी आल्या. आणि या रांगेत आपली ‘अलिफ लैला’ची शहरजादही आली, सोळा वर्षांची प्रेमिका होऊन. या पुस्तकांची तरफदारी करणारे एक वाक्य हमखास म्हणतात: जुन्या कथेतल्या मुक्या स्त्रीला इथे आवाज मिळाला. शहरजादच्या बाबतीत हे वाक्य धादांत खोटं आहे. आणि त्या खोट्याची किंमत आपल्या मुली मोजतात, म्हणून हा लेख.

शहरजाद मुकी होती कधी? जगाच्या साहित्यात तिच्याइतकी बोललेली बाई दुसरी दाखवा. राजा शहरयार बेगमच्या बेवफाईनंतर रोज एका मुलीशी निकाह करतो आणि पहाटे तिला मारतो. हे तीन वर्षं चालतं. शहरातल्या मुली संपत येतात, लोक लेकी घेऊन पळून जातात. मारण्याच्या हुकमाची तामील करणारा वजीर हाच शहरजादचा बाप. ती शिकलेली आहे. इतिहासाच्या हजार किताबा तिने जमवल्या आहेत, हकिमी वाचली आहे, शायरी तोंडपाठ आहे. बाप बैल आणि गाढवाची गोष्ट सांगून तिला अडवायला बघतो, ती ऐकत नाही. एक तर मी या मुलींच्या बदल्यात जीव देईन, नाहीतर त्यांना सोडवीन, असं ठरवूनच ती महालात जाते. प्रेमात पडून जात नाही. धाकट्या बहिणीला, दुनियाजादला, सोबत नेते आणि ‘आपा, एखादी गोष्ट सांगा’ असं तिने केव्हा म्हणायचं तेही आधी ठरवून देते. सगळा बेत आहे.

आणि ती सांगते काय? हे आपण विसरतो, कारण लहानपणी आपल्याला अलादीन आणि अलीबाबा सांगितले जातात, जे तिच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितात नाहीतच. तिची पहिली गोष्ट एका व्यापाऱ्याची. तो खजूर खाऊन बी फेकतो, ती एका जिनाच्या मुलाला लागते आणि मुलगा मरतो. जिन खुनाचा बदला मागतो. तेव्हा वाटेने येणारे तीन म्हातारे एकेक गोष्ट सांगतात आणि प्रत्येक जण गोष्टीच्या मोबदल्यात व्यापाऱ्याच्या रक्ताचा तिसरा हिस्सा माफ करून घेतो. गोष्ट म्हणजे खूनबहा. पहिल्याच गोष्टीत, खुनी माणसाच्या शेजारी बसून, ती हे सांगते.

पुढे काही रात्रींनी येतो हकीम दुबान. तो यूनान राजाचा कुष्ठरोग बरा करतो. मत्सरी वजिराचं ऐकून राजा त्याच हकिमाला मारायचा हुकूम देतो. हकीम मरण्याआधी एक किताब भेट देतो. तिची पानं चिकटलेली असतात. राजा बोट जिभेला लावून एकेक पान उलटतो, पानांना विष असतं, आणि राजा मरतो. निरपराध्याला मारणारा राजा किताबीने मेला, हे शहरजाद कुणाला ऐकवते आहे? वर्गात हा भाग सांगितला की मुलं क्षणभर गप्प होतात, मग मागच्या बाकावरून कुणीतरी हसतं. त्यांना बरोबर कळलेलं असतं.

आता नवी कादंबरी बघा. रेने अहदिये यांची ‘द रॅथ अँड द डॉन’ २०१५ मध्ये आली, तरुण वाचकांत खूप चालली आणि पुढच्याच वर्षी तिचा दुसरा भागही आला. भाषा लाघवी आहे. खाणं, कपडे, अत्तरं यांची वर्णनं चांगली आहेत, हे मान्य. सुरुवातही दमदार: शहरजादच्या जिवलग मैत्रिणीला या राजाने मारलेलं आहे, ती बदला घ्यायला महालात शिरते. मग ती त्याच राजाच्या प्रेमात पडते. पडू दे, माणसं पडतात. पण लेखिकेला त्या प्रेमाचा रस्ता मोकळा करायचा आहे, म्हणून ती राजाचा गुन्हाच काढून घेते. कळतं असं की राजावर शाप आहे. त्याने शंभर मुलींचा जीव घेतला नाही तर सगळ्या शहरावर आफत येईल. म्हणजे तो मारतो ते रयतेसाठी, काळजावर दगड ठेवून. बिचारा! सुरुवातीच्या काही रात्रींनंतर गोष्टी सांगणंही मागे पडतं, कारण आता गोष्टींची गरजच उरलेली नाही. ज्याचा दोष नाही त्याला पटवायचं कशासाठी?

जुन्या कथेत शहरयारवर कुठलाही शाप नाही. तो मारतो कारण त्याला मारायचं आहे आणि त्याला अडवणारं कुणी नाही. एका बाईचा राग सगळ्या बायांवर काढायचा हक्क आपल्याला आहे असं तो मानतो. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या अनाम सांगणाऱ्यांनी त्याला एकही सबब दिली नाही. ती दिली एकविसाव्या शतकाने, तीही बाईला आवाज देण्याच्या नावाखाली.

माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता ज्युनियर कॉलेजात आहे, तिने ही कादंबरी मोबाइलवर वाचली. मुलगी हुशार. मी विचारलं, राजा कसा वाटला? म्हणाली, “टीचर, त्याचा नाइलाज होता.” हा शब्द मी चांगला ओळखते. आमच्या मोहल्ल्यात, आणि तुमच्या वाड्यात, गल्लीत, सोसायटीतही, तो रोज ऐकू येतो. स्वभाव तापट आहे हो, पण मनाने चांगला आहे. कामाचं टेन्शन असतं. आई लहानपणी गेली त्याची. तू जरा प्रेमाने घे, बदलेल. मार खाल्लेल्या मुलीला माहेरी असंच समजावून परत धाडतात. कादंबरीतला शाप म्हणजे याच सबबींना चढवलेला जरीचा अंगरखा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला तो फार सुंदर दिसतो.

यावर मला दोन उत्तरं मिळतात. पहिलं, टीचर, हे मनोरंजन आहे, एवढं काय मनावर घेता. मनोरंजनच तर शहरजाद करत होती! गोष्टीने माणूस बदलतो यावर त्या सबंध ग्रंथाचा डोलारा उभा आहे. तो ग्रंथ घेऊन धंदा करायचा आणि वर म्हणायचं की गोष्टीने काही होत नसतं?

दुसरं उत्तर आपल्या जाणत्या मंडळींचं: जुन्या गोष्टींना हातच लावू नये. हेही मला मंजूर नाही. हात लागला नाही अशी गोष्ट आहेच कुठे? संस्कृत ‘शुकसप्तती’तला पोपट रात्रीमागून रात्र गोष्टी सांगून धनिणीला घरात थांबवतो. त्याचीच मराठीत ‘शुकबहात्तरी’ झाली, फारसीत नख्शबीचा ‘तूतीनामा’ झाला आणि कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात हैदरबख्श हैदरींनी त्याची उर्दू ‘तोता कहानी’ केली. ‘अलिफ लैला’च्या मुळाशी ‘हजार अफसान’ हा फारसी ग्रंथ होता असं दहाव्या शतकातला बगदादचा इब्न नदीम लिहितो, आणि त्याला तो ग्रंथ नीरस वाटला होता. म्हणजे मधल्या कुणीतरी तो नव्याने सांगितला म्हणून तर आपल्यापर्यंत आला. माझा आक्षेप नव्याने सांगण्याला नाही. रक्त कुणाचं सांडलं हे पुसून सांगण्याला आहे.

न पुसताही सांगता येतं. नेओमी नोविक यांची ‘स्पिनिंग सिल्व्हर’ (२०१८) घ्या. आधार आहे रम्पलस्टिल्टस्किनच्या जर्मन परीकथेचा: गवताचं सोनं करून देणारा ठेंगू आणि त्याला दिलेलं वचन मोडून सुटलेली राणी. नोविक यांची नायिका मिर्यम ही ज्यू सावकाराची मुलगी. गावाने कर्ज घ्यायचं, परत मागितलं की सावकाराच्या कौमेला शिव्या द्यायच्या, आणि मग देणं बुडवण्याच्या गोष्टी रचायच्या. त्या परीकथेकडे मिर्यम या बाजूने बघते. अल्पसंख्य माणसाला गोष्टीत राक्षस कसं करतात हे मला त्या कादंबरीत जितकं दिसलं तितकं भाषणांत दिसलं नाही. जादू आहे, बर्फाचा राजा आहे, लग्न आहे, वाचताना मजाही येते. पण हिशेब चुकता केल्याशिवाय कुणाला सोडलेलं नाही.

आणि शहरजादच्या बाबतीत तर उत्तर नजीब महफूज यांनी नोबेल मिळण्याआधीच देऊन ठेवलं होतं. त्यांची ‘लयाली अल्फ लैला’ ही कादंबरी सुरू होते गोष्टी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. छापील आवृत्त्यांच्या शेवटी राजा शहरजादला जीवदान देतो आणि सगळीकडे आनंदीआनंद होतो. (खून त्याने केले आणि माफी तिला मिळाली, हे कुणाला खटकलंच नाही.) महफूज यांची शहरजाद मात्र बापाजवळ कबूल करते की ती सुखी नाही; राजा जवळ आला की तिला रक्ताचा वास येतो. बाहेर शहर तसंच सडलेलं. एका जिनाच्या दबावाने एक व्यापारी मोहल्ल्याच्या हाकिमाचा खून करतो, नवा हाकीम येतो, तोही तसाच निघतो. शहरयारला शेवटी तख्त सोडावं लागतं, आणि ते सोडूनही त्याला करार मिळत नाही. तो खडकापाशी रडणाऱ्या माणसांत जाऊन बसतो. त्याच्यासाठी शाप शोधावा असं महफूज यांना वाटलं नाही. पश्चात्ताप त्याला स्वतःच्या अंगावर घ्यावा लागतो.

अल्जीरियाच्या आसिया जेबार यांनी १९८७ मध्ये पलंगाखाली बसून शहरजादला वेळेवर उठवणाऱ्या बहिणीला मध्यावर आणलं आणि एकाच नवऱ्याच्या दोन बायका एकमेकींना कशा सोडवतात ते लिहिलं. आपल्याकडच्या गीता हरिहरन यांच्या ‘व्हेन ड्रीम्स ट्रॅव्हल’मध्ये (१९९९) दुनियाजाद बहिणीचं काय झालं हे विचारायला महालात येते. या लेखिकांना प्रेमकथा लिहिता येत नव्हती असं नाही. त्यांना गोष्ट कळली होती.

आवाज द्यायचाच असेल तर ज्याचा खरोखर हिरावला गेला असा एक माणूस आहे. हन्ना दियाब, अलेप्पोचा मॅरोनाइट ख्रिश्चन तरुण. १७०९ मध्ये पॅरिसमध्ये त्याने आंत्वान गालाँ या फ्रेंच पंडिताला अलादीन आणि अलीबाबा या गोष्टी सांगितल्या. गालाँने रोजनिशीत त्याची नोंद ठेवली, छापील ग्रंथात मात्र नाव घातलं नाही. दियाबला शाही ग्रंथालयात नोकरी हवी होती, ती मिळाली नाही आणि तो गावी परतला. त्याचं स्वतःचं प्रवासवर्णन व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पडून होतं. आज अलादीनवर सिनेमे निघतात, कादंबऱ्या निघतात, आणि सांगणारा माणूस गायब. उरतं ते घुमट, उंट आणि वाळू. ‘अग्रबा’ हे तर डिस्नेच्या १९९२ च्या सिनेमातलं काल्पनिक शहर. डिसेंबर २०१५ मध्ये एका अमेरिकी पाहणीत रिपब्लिकन मतदारांपैकी ३० टक्के लोकांनी त्या शहरावर बॉम्ब टाकायला पाठिंबा दिला. गोष्टीतली माणसं काढून नुसता पडदा ठेवला की असं होतं.

पण सगळा दोष इंग्रजीवर ढकलून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. आपण आपल्या दास्तानींचं काय केलं? डेप्युटी नजीर अहमद यांच्या ‘तौबतुन्नसूह’मध्ये सुधारलेला बाप मुलाच्या किताबा जाळतो, आणि उर्दूच्या पिढ्यांनी ते नेकीचं काम म्हणून वाचलं. ‘बहिश्ती जेवर’ अनेक घरांत मुलींना जहेजात दिलं जातं. त्यात मुलींनी वाचू नयेत अशा किताबांची यादी आहे, आणि ‘अलिफ लैला’, ‘गुल बकावली’, ‘दास्तान-ए-अमीर हमजा’ तिन्ही तिच्यात आहेत. ज्या बाईने लेकींसाठी जीव पणाला लावला तिचीच गोष्ट आपण लेकींच्या हातून काढून घेतली. मग त्या मोबाइलवर दुसऱ्या कुणाची शहरजाद वाचणार, त्यात नवल काय?

मराठीत ‘अलिफ लैला’ कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणली, ती इंग्रजीवरून. गौरी देशपांडे यांनी सोळा खंड केले, तेही बर्टनच्या इंग्रजीवरून. दोन्ही कामांबद्दल मला आदर आहे. दुसरं काम तर एकट्या बाईने केलं. पण अरबी जाणणारी माणसं आपल्याच गावांत आहेत, मदरशांत रोज तीच भाषा शिकवतात. मराठी लिहिणारे मुसलमान आता कमी नाहीत. या दोघांनी एका टेबलाशी बसून महफूज यांची ती कादंबरी थेट अरबीतून मराठीत आणावी. फार मोठा ग्रंथ नाही तो. मौलाना अरबी वाक्य समजावून देतील, आपण मराठी लिहू. सुरुवात शहरजाद बापाशी बोलते त्या प्रकरणापासून करता येईल.